तीन पाण्यांचं तेल

आमच्या घरात माझ्या थोरल्या दिरांना खोटं ठरवणं हा गुन्हा समजतात, आणि मी तो गुन्हा गेली पस्तीस वर्षं नेमाने करत आले आहे.

दिरांचं नाव इग्नातिस. अथेन्सहून बोटीने यावं लागणाऱ्या आमच्या बेटावर, येराच्या आखातावरच्या डोंगरात, आमचं गाव आहे आणि गावातला तेलाचा घाणा त्यांचा. त्याआधी तो माझ्या सासऱ्यांचा होता. सासरे एकसष्टाव्या वर्षी त्याच घाण्यापाशी उभ्या उभ्या हृदय बंद पडून गेले. यंत्राच्या वर भिंतीला त्यांचा फोटो आहे, आणि इग्नातिस भावजी कोणताही निर्णय घेताना आधी त्या फोटोकडे बघतात. फोटो आजवर कधी त्यांच्या विरोधात गेलेला नाही.

मी एवांथिया. माहेर व्होलोसचं, सून इथली. एकतीस वर्षं बेटावरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गावाने माझ्या रसायनशास्त्राचा आजवर काय उपयोग करून घेतला म्हणाल, तर टेबलक्लॉथवरचे वाइनचे डाग कसे काढायचे आणि मुदत संपलेल्या गोळ्या कोंबड्यांना चालतील का, एवढंच मला विचारलं. एकदा, मरण्याआधी एकदा तरी, माझी विद्या या गावाच्या कामी यावी, एवढीच माझी इच्छा होती. हसू नका. तुम्हीही एकतीस वर्षं शिकवा आणि मग बघा काय वाटतं ते.

तर, तेल. आमच्या बेटाचं तेल गोड, हा आमचा अभिमान. जानेवारीत ऑलिव्हची फळं काळीभोर पिकली की पाडायची आणि घाण्यावर न्यायची. तिथे फळांचा लगदा टाकीत घुसळताना भावजी गरम पाण्याचा नळ सोडतात तो काही केल्या बंद करत नाहीत. तेल जास्त निघतं आणि पाण्यासारखं मऊ होतं. घसा धरणारं तेल म्हणजे भावजींच्या मते तेल नव्हे, औषध. मी म्हणायची, अहो, तेच तर सांगतेय.

कारण तो कडूपणा, ती घशातली आग, तीच खरी कमाई आहे. पॉलिफेनॉल म्हणतात त्यांना. हिरव्या फळात भरपूर असतात, पिकता पिकता कमी होतात, आणि उरलेले गरम पाण्यात विरघळून गटारात जातात. तेलाच्या किलोमागे ते अडीचशे मिलिग्रॅम भरले, तर युरोपचा कायदा बाटलीवर एक वाक्य छापायची परवानगी देतो. फक्त एक. ‘ऑलिव्ह तेलातली पॉलिफेनॉल रक्तातल्या स्निग्ध द्रव्यांचं ऑक्सिडेशनच्या ताणापासून रक्षण करायला हातभार लावतात.’ आणि खाली, रोज वीस ग्रॅम खाल्लं तर. बस.

हे मी कॉफीच्या दुकानात सांगितलं त्या दिवशी काय गोंधळ झाला. न्हावी म्हणाला, त्यात गुडघेदुखीही घाला. पाद्रीबाबांना मधुमेह हवा होता. कोळी दिमोस्थेनिसला जे हवं होतं ते त्याने पाद्रीबाबांसमोर मोठ्याने सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याच्या कानात सांगितलं, आणि माझा नवरा आर्गिरिस कानापर्यंत लाल झाला. भावजी म्हणाले, हृदय तरी घाला, हृदयाला कोण नाही म्हणेल. मी म्हटलं, कागदावर हृदयाचं नाव नाही, गुडघ्याचं नाही, कशाचं नाही. रक्तातल्या स्निग्ध द्रव्यांपाशी वाक्य संपतं आणि आपणही तिथेच थांबायचं. पदरचं एक अक्षर घातलं तर दंड. मग मी सगळ्यांकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. निवृत्त झाले तरी सवय जात नाही.

तिथेच पैज लागली. भावजींनी ऊझोच्या दारूचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “मास्तरीणबाई, एक दिवस घाणा तुमचा. तुम्ही म्हणाल तसा चालवतो. बाटली अथेन्सच्या प्रयोगशाळेला पाठवा. अडीचशेच्या वर आकडा आला, तर मी यंदा हंगामभर पाण्याचा नळ बंद ठेवतो. खाली आला, तर तुम्ही पुन्हा माझ्या घाण्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, आणि तुमची फळंही जानेवारीत गुपचूप माझ्या पद्धतीने निघतील.”

मी हो म्हटलं. आर्गिरिसने टेबलाखालून माझा पाय दाबला, तोवर उशीर झाला होता.

ऑक्टोबरच्या अखेरीला आम्ही दोघांनी हिरवीगार फळं हाताने उतरवली. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन हळहळून गेल्या, पोटुशी शेळी कापायला निघाल्यासारख्या आमच्याकडे बघत. एकशे ऐंशी किलो फळांतून सतरा किलो तेल निघालं. जानेवारीत याच्या दुप्पट निघालं असतं, हे मला गावातल्या प्रत्येक माणसाने स्वतंत्रपणे येऊन सांगितलं.

भावजींबद्दल एक सांगायला हवं. त्या दिवशी त्यांनी शब्द अक्षरशः पाळला. यंत्र त्यांनी स्वतः धुतलं, नळाला हात लावला नाही, लगदा गार ठेवला, आणि मी थांबा म्हटलं तेव्हा थांबले. फक्त तोंड असं केलं होतं, की कुणाच्या मयताला आलेत. तेल बाहेर आलं ते रंगाने नुसतं गवत. शेगडीवर पाव भाजून ठेवला होता, त्यावर पहिलं तेल ओतून सगळ्यांना दिलं. पाद्रीबाबांची बायको दोनदा खोकली. न्हावी खोकला. दिमोस्थेनिस इतका खोकला, की त्याची टोपी पडली. मला आनंदाने गहिवरून आलं. घशाला जेवढी आग तेवढा आकडा मोठा, असं साधारण गणित असतं.

माझ्या सासूबाई, मिर्सिनी, वय वर्षं सत्त्याऐंशी, त्यांनीही एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, हेच अथेन्सला पाठवणार? मी म्हटलं, हेच. आपल्या घराच्या नावाने? मी म्हटलं, हो आई, बाटलीवर नाव लिहून. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. सासूबाई बोलल्या नाहीत तर सुनेने सावध व्हायला हवं, हे पस्तीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

काळ्या काचेची बाटली भावजींनी गळ्यापर्यंत भरली. चिठ्ठीवर त्यांनी सही केली, मी केली, आणि त्यांनी ती बाटलीला बांधली. बोट संध्याकाळी आठची होती. बाटली स्वयंपाकघरात फळीवर ठेवून मी दुपारी जरा आडवी झाले. तीन दिवस झाडांवर चढून अंग नुसतं ठणकत होतं, मेल्यासारखी झोप लागली. उठले तेव्हा पाच वाजले होते. मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं आणि सासूबाई खुर्चीत बसून काहीतरी गुणगुणत होत्या. एरवी मी झोपले की त्यांचं तोंड सुरू होतं. मला वाटलं, आज माझी दया आली असेल.

बारा दिवसांनी आकडा आला. दोघांच्याही फोनवर एकदमच यायचा असं ठरलं होतं, आणि कॉफीच्या दुकानात भावजींनी चष्मा लावून तो वाचला. एकतीस.

दोनशे एकतीस असेल, असं आर्गिरिस म्हणाला. भावजींनी पुन्हा वाचलं. एकतीस. किलोमागे एकतीस मिलिग्रॅम. दुकानाच्या टेबलावरच्या स्वस्त बाटलीतही याहून जास्त असतील.

कुणी हसलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण कुणी हसलं नाही. भावजींनी माझ्यासाठी कॉफी मागवली आणि वेटरला म्हणाले, साखर जास्त घाल. त्या दयेने मला इतकी लाज वाटली की मी कॉफी तशीच सोडून घरी आले. एकतीस वर्षं शाळा, एकतीस आकडा. देवालाही शिक्षकांची चेष्टा करायची हुक्की येते.

दोन आठवडे मी घाण्याच्या रस्त्याने गेले नाही. दुकानात नाही, चर्चमध्येही मागच्या दाराने. गावात मी दिसले की मुलं ते वाक्य म्हणायची, ‘रक्तातल्या स्निग्ध द्रव्यांचं’, आणि पळायची. उच्चार मात्र चोख करायची, ती शिकवण मी दिलेली. घरात खिडकीतलं सासूबाईंचं जिरॅनियम अचानक पानं टाकून वाळलं, आणि त्यांनी त्याचं खापर मांजरावर फोडलं. मी म्हटलं, दिवसच वाईट आहेत.

मग एका रविवारी घरात दुसरं तेल नव्हतं म्हणून तळघरातल्या डब्यातून तेच हिरवं तेल काढलं. पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि खोकले. पुन्हा खोकले. खोकता खोकता मी एकदम थांबले. एकतीसच्या तेलाने माणूस खोकत नाही. एकतीसचं तेल लोण्यासारखं घशाखाली जातं. प्रयोगशाळा चुकत नाही, आणि माझा घसाही चुकत नाही. दोन्ही खरे असतील तर बाटलीत गेलं ते हे तेल नव्हतं.

आता सांगते त्याची मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या मनात एकच नाव आलं. बाटलीला हात लागला कुणाचा? भरली त्यांनी, चिठ्ठी बांधली त्यांनी, बोटीवर नेऊन दिली त्यांनी. मी पदर खोचला, म्हणजे आमच्याकडे पदर नसतो, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते, आणि तरातरा घाण्यावर गेले. उंबऱ्यात पाय ठेवायचा नव्हता, तोही ठेवला. आतमध्ये हंगामाची पहिली फळं घेऊन दहा-बारा माणसं उभी होती. सासूबाई शेगडीपाशी बाकावर बसल्या होत्या. मी सगळ्यांदेखत विचारलं, भावजी, बाटली कुठे बदललीत?

भावजींनी घसा खाकरला. मी म्हटलं, खाई त्याला खवखवे.

त्यांनी यंत्र बंद केलं. तो आवाज थांबला की घाण्यात किती शांत होतं ते मला पहिल्यांदा कळलं. ते फोटोकडे बघत म्हणाले, “मी हट्टी आहे, एवांथिया. चोर नाही.”

पस्तीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. आणि तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

“त्याला काही बोलू नकोस. मी धुतलं.”

सगळे वळले. काय धुतलं, आर्गिरिसने विचारलं. तेल, सासूबाई म्हणाल्या. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे, अशा आवाजात म्हणाल्या.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. मी झोपले होते. अथेन्सची शिकलेली माणसं ते तेल खाणार, त्यांचे घसे भाजणार आणि बाटलीवर आमच्या घराचं नाव. लोक काय म्हणतील, मिर्सिनीच्या घरात पाहुण्याला कडू तेल देतात. म्हणून त्यांनी बाटली पातेल्यात रिकामी केली, कोमट पाणी घातलं, लाकडी पळीने ढवळलं, तेल वर तरंगलं तसं पळीने काढून घेतलं. असं तीनदा. तीन पाणी. कडू तेल त्यांच्या आईनेही असंच गोड केलं होतं आणि आजीनेही. मग पुन्हा बाटली भरली, चिठ्ठी नीट बांधली. आणि ते धुवण? जिरॅनियमला, त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, मांजराने काही केलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं, आई, तिथे ते तेल कुणी खात नाही हो, यंत्रात घालतात. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू अथेन्सच्या लोकांबद्दलचं त्यांचं मत कायमचं उतरलं.

आधी दिमोस्थेनिस हसला. मग पाद्रीबाबा. मी सगळ्यांसमोर भावजींची माफी मागितली, तेवढं तरी केलं पाहिजे होतं. त्यांनी मान हलवली, पण हसले नाहीत. म्हणाले, डब्यातलं तेल आणा, बाटली पुन्हा भरू. आणि आई, तू स्वयंपाकघरात जायचं नाही. ती बाटली त्यांनी मांडीवर घेऊन बोटीपर्यंत नेली आणि बोट सुटेपर्यंत धक्क्यावर उभे राहिले.

दुसरा आकडा डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आला. चारशे अडतीस.

मला नाचावंसं वाटलं. खरंच सांगते, वाटलं. पण भावजी घाण्यात दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघून मी जागच्या जागी राहिले. त्यांनी विचारलं, एकाच डब्यातलं तेल? मी म्हटलं, एकाच दिवसाचं, एकाच डब्यातलं. मधे फक्त आईंची तीन पाणी. ते बोटांवर मोजत राहिले.

“म्हणजे चारशे सात पाण्यात गेले.”

“पाण्यात गेले,” मी म्हटलं. “आणि जिरॅनियमला लागले.”

शाळेत एकतीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडले, की प्रयोग करायचा तर दोन नमुने घ्या, सगळं सारखं ठेवा आणि एकच गोष्ट बदला. मी स्वतः पैज लावताना ते विसरले होते. सासूबाईंना शाळा माहीत नव्हती, आणि त्यांनी तो प्रयोग पातेल्यात करून ठेवला होता. माझ्या चारशे अडतीसने भावजी बधले नसते. म्हणाले असते, हिरव्या फळाचा गुण. त्यांना बधवलं आईच्या एकतीसने. ते गरम पाण्याच्या नळापाशी गेले. त्या नळातून प्रत्येक खेपेला तीन नाही, दहा पाण्यांएवढं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. त्यांनी वडिलांच्या फोटोकडे बघितलं नाही. नळ बंद केला आणि दांडीला तार गुंडाळली.

मग म्हणाले, मास्तरीणबाई, ते तुमचं वाक्य लिहून द्या, बाटलीवर छापायला. गुडघे नकोत ना? मी म्हटलं, गुडघे नकोत. सगळे दुकानात गेले. माझी विद्या कामी आली होती, आणि मला त्यांच्याबरोबर जाऊन चारचौघांत ते ऐकायचं होतं.

पण सासूबाईही त्या दिवशी घाण्यात होत्या, आणि त्या शेगडीपाशीच्या बाकावरून उठल्या नाहीत. फोटोच्या बरोबर समोर बसल्या होत्या. मला वाटलं, गुडघे धरले असतील. जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“त्याला कडू चालायचं नाही,” त्या म्हणाल्या. फोटोकडे न बघता, सासऱ्यांबद्दल. “घाण्याचं तेल घरी आलं तरी म्हणायचा, मिर्सिनी, घशाला लागतं. मग मी दर शनिवारी आठवड्याचं तेल काढून धुवायची. तीन पाणी. अडतीस वर्षं.” मग म्हणाल्या, “त्याचं हृदय त्यामुळे गेलं का गं? जे चांगलं होतं, ते मीच फेकलं का?”

दुकानातून हसण्याचा आवाज येत होता. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, कागदावर जेवढं आहे तेवढंच वाचा, पदरचं घालू नका. त्या नियमापायी मी गावात किती भांडणं केली. भावजींनी हृदय घाला म्हटलं तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्या दिवशी त्या नियमाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

मी म्हटलं, “आई, कागदावर हृदयाचं नाव नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणून दाखव.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणून दाखवलं. ऑलिव्ह तेलातली पॉलिफेनॉल रक्तातल्या स्निग्ध द्रव्यांचं ऑक्सिडेशनच्या ताणापासून रक्षण करायला हातभार लावतात. त्या ओठ हलवत ऐकत होत्या. पुन्हा म्हण, म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं, ऑक्सिडेशनपाशी अडखळल्या, मी थांबले, त्यांनी शब्द नीट केला आणि पुढे गेल्या.

“हृदय नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. कुठेच नाही.”

“आणि गोड तेल त्याला आवडायचं.”

“मग झालं तर,” मी म्हटलं.

त्यांनी शेगडीवरचा पाव मागितला. मी नको म्हणत होते तरी त्यांनी स्वतःच्या हाताने वर हिरवं तेल ओतलं, चांगलं भरपूर, आणि मोठा घास घेतला. दोनदा खोकल्या. डोळे भरून आले ते त्यांनी एप्रनच्या टोकाने पुसले.

तेल लागलं, मी म्हटलं. हो, तेलच, त्या म्हणाल्या, आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला.